उतरंडीचा हिशेब

(पिशोर, ता. कन्नड इथल्या युवकांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



कविता रात्री म्हणू. आत्ता आकड्यांचं बोलू. मी गोदीत माल चढवणारा-उतरवणारा माणूस. शिक्षण दहावी. आकडेशास्त्राच्या वर्गात मला कुणी बसवलं नाही. पण ओझं कळतं. पोतं पाठीवर आलं की कळतं, आत माल किती नि भुसा किती. आकड्यांनाही असंच पाठीवर घेऊन बघायचं. नुसतं लेबल वाचून पावती फाडायची नाही.

हे आत्ताच का बोलायचं? ३० एप्रिल २०२५ ला केंद्र सरकारनं जाहीर केलं की येत्या जनगणनेत सगळ्यांची जात मोजणार. संदर्भाची तारीख १ मार्च २०२७ अशी ठरली. साऱ्या देशातल्या साऱ्या जातींचे आकडे छापून लोकांपुढं आले ते १९३१ ला, शेवटचे. २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीत जात विचारली, पण जातींचा तक्ता कपाटातच राहिला. आता तक्ते येतील. जात नि उत्पन्न, जात नि शिक्षण, जात नि नोकरी. आणि तक्त्यामागून ते समजावून सांगणारे येतील. कोट घातलेला एखादा टीव्हीवर म्हणेल, सहसंबंध शून्य पूर्णांक नऊ आहे. आपण मान डोलवू. तो त्यातून काय वाटेल तो अर्थ काढील, तरी आपण मान डोलवूच. हे थांबवायचं असेल तर हिशेब आपल्याला आला पाहिजे. अवघड काही नाही. सातवीचं गणित पुरतं.

आधी सहसंबंध म्हणजे काय ते बघू. पाच पोरं उंचीप्रमाणं रांगेत उभी करा. तीच पोरं वजनाप्रमाणं उभी करा. दोन्ही रांगा तंतोतंत जुळल्या तर आकडा १. पार उलट्या झाल्या तर उणे १. एकीचा दुसरीशी ताळमेळच नसेल तर शून्याच्या आसपास. इथं उंची किती सेंटिमीटर, वजन किती किलो हे विचारतच नाहीत. रांगेत कितवा, एवढंच विचारतात. म्हणून हा क्रमांकांचा सहसंबंध. चार्ल्स स्पीअरमन नावाच्या इंग्रजानं १९०४ ला ही रीत मांडली. हा आधी लष्करात अधिकारी होता. माणसं रांगेत उभी करायची त्याला सवय असणारच.

आता खरा तक्ता घेऊ. बिहारनं स्वतःची जातनिहाय गणना केली आणि ७ नोव्हेंबर २०२३ ला विधानसभेत आर्थिक आकडे ठेवले. महिन्याला ६,००० रुपये किंवा त्याहून कमी मिळकत असलेली कुटुंबं, म्हणजे दिवसाला सगळ्या घराला मिळून २०० रुपये, किती टक्के? सर्वसाधारण, म्हणजे बिनराखीव गटात २५.०९. मागास वर्गात ३३.१६. अतिमागास वर्गात ३३.५८. अनुसूचित जातीत ४२.९३. अनुसूचित जमातीत ४२.७०.

उतरंडीची एक रांग लावा: सर्वसाधारण १, मागास २, अतिमागास ३, अनुसूचित जाती ४, जमाती ५. गरिबीची दुसरी रांग, कमीकडून जास्तीकडं: १, २, ३, ५, ४. आता प्रत्येकाच्या दोन क्रमांकांतला फरक काढा. पहिल्या तिघांचा शून्य. शेवटच्या दोघांचा एकेक. फरकाचा वर्ग करा, बेरीज २. तिला ६ नं गुणा, १२. गट पाच, म्हणून ५ गुणिले, पाचाच्या वर्गातून एक वजा, म्हणजे ५ गुणिले २४, १२०. बाराला एकशेवीसनं भागा, ०.१. ते एकातून वजा करा. ०.९. झाला स्पीअरमन. कोटवाल्याचा आकडा आपण इथं पिशोरात बसून काढला.

दुसरीही एक रीत आहे. मॉरिस केंडॉल यानं १९३८ ला मांडली. जोडी-जोडीनं बघायचं. पाच गटांच्या दहा जोड्या होतात. उतरंडीत जो खाली तोच गरिबीत खाली, अशा जोड्या ९. उलटी जोडी १. नवातून एक वजा, आठ. भागिले दहा, ०.८. बघा, तक्ता तोच, माणसं तीच, भूक तीच. एक माप ०.९ म्हणतंय, दुसरं ०.८. म्हणून कुणी आकडा फेकला तर पहिल्यांदा विचारायचं, मोजलं कशानं? आणि लगेच दुसरं, ओळी किती? पाचच ओळी असल्या की मोठा आकडा स्वस्तात मिळतो. पाच चिठ्ठ्या डोळे मिटून उचलल्या तर त्या १२० तऱ्हांनी लागू शकतात, त्यातल्या ५ तऱ्हांत ०.९ किंवा त्याहून मोठा आकडा आपोआप निघतो. तीनच ओळी असतील तर सहातून एकदा पूर्ण १.

पण खरे प्रश्न याच्या पुढचे आहेत. चार प्रश्न सांगतो. ते पाठ करा.

पहिला प्रश्न: रांग कुणी लावली?

मघाशी मी अनुसूचित जातीला चौथा नि जमातीला पाचवा क्रमांक दिला. मला कुणी सांगितलं? कुणीच नाही. मी ठरवलं. त्यांची अदलाबदल केली की ०.९ चा एकदम १ होतो. दोघांना बरोबरीचा साडेचार क्रमांक दिला तर ०.९७ च्या आसपास येतो. म्हणजे लिहिणाऱ्याच्या नुसत्या हातानं आकडा वर-खाली होतो. गरिबीची रांग मोजून लागली. उतरंडीची रांग कुणीतरी लावली. हा फरक विसरायचा नाही.

या रांग लावण्याच्या धंद्याला आपल्याकडं मोठा इतिहास आहे. हर्बर्ट रिस्ली नावाचा आयसीएस अधिकारी होता. १८९१ ला त्यानं बंगालच्या जाती-जमातींची मापं छापली. माणसाच्या नाकाची रुंदी घ्यायची, उंचीनं भागायची, शंभरनं गुणायचं. हा नाकाचा निर्देशांक. रिस्लीचा दावा काय, तर नाक जितकं रुंद तितकी जात खालची. दोन रांगा जुळतात, म्हणून जात म्हणजे वंश, आणि उतरंड रक्तातच आहे! हाच माणूस १९०१ च्या जनगणनेचा प्रमुख झाला आणि प्रत्येक प्रांतात जातींचा मानाचा क्रम लावायला सांगितलं. क्रम लावायचा म्हणे लोकमतानं. कुठल्या लोकांच्या? गावकुसाबाहेर जाऊन कुणी मत विचारलं असेल का, तुम्हीच सांगा. मग जातीजातींचे अर्ज सुरू झाले, आम्हाला वर चढवा, आमचं नाव बदला. बंगालच्या १९११ च्या जनगणनेत असले अर्ज दीड मण भरले. मण म्हणजे काय ते गोदीवाल्याला सांगायला नको. माणसं पायरीसाठी कागदाची पोती भरत होती, आणि पायऱ्याच कशाला पाहिजेत असं विचारणारा अर्ज त्या ढिगात सापडणं मुश्कील.

रिस्लीचा हा हिशेब मुंबईत तपासला गेला. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्रमुख होते गोविंद सदाशिव घुर्ये. आपल्या चळवळीतले नव्हते. १९३२ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी तेच नाकाचे आकडे प्रांतवार लावून बघितले. हिंदुस्थान म्हणजे उत्तरेतला संयुक्त प्रांत सोडला, तर बाकीच्या भाषिक प्रदेशांत नाकाची रांग नि मानाची रांग जुळत नाही असं त्यांना दिसलं. एका मुलखातली जुळवाजुळव साऱ्या देशाचा कायदा म्हणून खपवली होती. आणि १९४८ ला बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' मध्ये घुर्येंचे हेच तक्ते हातात घेतले. मापं नीट वाचली तर ब्राह्मण नि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे ठरतच नाहीत, हे त्यांनी त्याच आकड्यांतून दाखवलं. अस्पृश्यतेच्या मुळाशी वंश आहे ही कल्पना त्यांनी मोडीत काढली. बाबासाहेबांनी आकड्यांकडं पाठ फिरवली नाही. विरोधकाचं माप घेऊन विरोधकाचाच माल तोलला. आपल्याला हे शिकायचंय.

दुसरा प्रश्न: दोन पायऱ्यांत अंतर किती?

क्रमांक अंतर खातो. बिहारच्या तक्त्याकडं परत या. सर्वसाधारण नि मागास यांच्यात ८.०७ टक्क्यांचं अंतर. मागास नि अतिमागास यांच्यात ०.४२. अतिमागास नि जमाती यांच्यात ९.१२. जमाती नि अनुसूचित जाती यांच्यात ०.२३. क्रमांकांच्या हिशेबात या चारही पायऱ्या सारख्या. एक, एक, एक, एक. खरं बघाल तर त्या तक्त्यात पाच पायऱ्या नाहीतच. तीन मजले आहेत, आणि मजल्यांच्या मधे जिना नाही.

उलटही होतं. देशातली साक्षरता बघा. १९६१ ला एकूण २४ टक्के, अनुसूचित जाती १०.२७, जमाती ८.५३. २०११ ला एकूण ७३, अनुसूचित जाती ६६.१, जमाती ५९. १९६१ ला सगळी लोकसंख्या धरली होती नि २०११ ला सात वर्षांवरची, म्हणून दोन सालं काट्याला काटा जुळत नाहीत. पण त्या त्या सालातलं अंतर बघता येतं. रांग पन्नास वर्षांत हलली नाही. एकूण वर, मग आपण, मग आदिवासी. क्रमांकांचा आकडा म्हणेल, काही घडलंच नाही. पण एकूण नि अनुसूचित जाती यांच्यातलं अंतर १३.७ होतं, ते ६.९ वर आलं. निम्मं झालं. ते कुणाच्या मेहेरबानीनं झालं नाही. पाटी-दप्तर घेऊन वर्गाबाहेर बसलेल्यांनी, १९५० ला औरंगाबादेत मिलिंद कॉलेज उभं राहिलं तेव्हा तिथं पायी चालत गेलेल्यांनी ते केलं. नुसता क्रमांक बघाल तर त्यांची चाल पुसली जाईल. आणि नुसती टक्केवारी बघाल तर रांग अजून तीच आहे हे पुसलं जाईल. दोन्ही बघायचं.

मराठवाड्याला तर हे कळलंच पाहिजे. आपण मागास, कितवे मागास, यावर भाषणं फार झाली. १९८४ ला वि. म. दांडेकर समितीनं वेगळं केलं. क्रमांक न सांगता अंतर रुपयांत मोजलं. त्याला नाव दिलं अनुशेष. राज्याचा सगळा अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी, त्यात मराठवाड्याचा सुमारे ७५१ कोटी. क्रमांक ऐकून माणूस नुसता खजील होतो. अंतर कळलं की मागणी लिहिता येते.

तिसरा प्रश्न: आकडा कुणाचा? गटाचा की माणसाचा?

आपल्या जिल्ह्याचा एक आकडा छापून येतो. त्यात चिकलठाणा आहे, वाळूज आहे, शेंद्रा आहे, आणि त्याच आकड्यात पिशोरचा शेतमजूर आहे. कारखान्याच्या धुराड्यानं जिल्हा वर चढतो, माणूस मक्याच्या रानात वाकलेलाच राहतो. जिल्ह्याच्या सरासरीत वस्ती दिसत नाही.

अमेरिकेत रॉबिन्सन नावाच्या समाजशास्त्रज्ञानं १९५० ला हे उघडं पाडलं. त्यानं १९३० च्या जनगणनेतून काळा रंग नि निरक्षरता यांचा सहसंबंध काढला. हा क्रमांकांचा नव्हता, साध्या आकड्यांचा होता, पण धडा आपल्यालाही लागू. देशाचे नऊ विभाग घेऊन काढला तर ०.९४६. अठ्ठेचाळीस राज्यं घेऊन ०.७७३. एकेका माणसावरून काढला तर ०.२०३. गठ्ठा मोठा केला की आकडा फुगतो. दक्षिणेच्या ज्या राज्यांत काळी माणसं जास्त, तिथं शाळाच भिकार होत्या. गोरेही तिथं निरक्षर होते. त्यानं परदेशातून आलेल्यांचंही बघितलं. माणसागणिक बघितलं तर बाहेरून आलेल्यांत निरक्षरता थोडी जास्त, सहसंबंध ०.११८. राज्यं घेऊन बघितलं तर चिन्हच उलटं, उणे ०.५२६. कारण बाहेरची माणसं पोट भरायला गेली ती शिकलेल्या, कारखानदार राज्यांत. मराठवाड्यातली माणसं मुंबईत जातात तशी. मुंबई श्रीमंत आहे नि मुंबईत आपले लोक पुष्कळ आहेत, म्हणून आपले लोक श्रीमंत झाले असं कुणी म्हणालं तर तुम्ही हसाल. मग तसाच हिशेब तक्त्यातून आला की का गप्प बसता?

याच जागेवर तुम्हाला हमखास एक टोला येणार. "ब्राह्मणही गरीब आहेत की." आहेत. बिहारच्या त्याच गणनेत ब्राह्मणांची २५.३२ टक्के कुटुंबं त्या सहा हजारांच्या रेघेखाली आहेत. चारातलं एक. नाकारायचं कारण नाही. सहसंबंध कधीच म्हणत नाही की वरचा प्रत्येक जण पोटभर खातो. तो गटांचं सांगतो. गटाचा आकडा एका माणसाच्या अंगावर फेकणं चूक, आणि एका माणसाची गोष्ट सांगून गटाचा आकडा बुडवणं त्याहून मोठी लबाडी. आणखी एक, गरिबी हा एक रकाना आहे. पाणवठा, मंदिर, भाड्याची खोली, लग्न हे वेगळे रकाने आहेत. गरीब ब्राह्मणाचा पहिला रकाना आपल्यासारखा असेल. बाकीचे उघडून दाखवा म्हणावं.

चौथा प्रश्न: 'सोबत' की 'मुळे'?

मराठीत हे दोन शब्द वेगळे आहेत. तक्त्यात फक्त 'सोबत' असतं. 'मुळे' वाचणारा आपल्या खिशातून घालतो. यूल नावाच्या इंग्रज आकडेतज्ज्ञानं १८९९ ला इंग्लंडातल्या गरिबीवर निबंध लिहिला. निबंधभर कारणं सांगितली आणि तळटीपेत मान्य केलं की जिथं आपण कारण म्हटलंय तिथं खरं तर नुसती सोबत समजावी. तळटीप कोण वाचतो?

स्पीअरमननंही १९०४ लाच दुसरा निबंध लिहिला. शाळेच्या पोरांचे निरनिराळे क्रमांक एकमेकांशी जुळतात, म्हणून सगळ्यांच्या मागं एक सामान्य बुद्धी असली पाहिजे, असं त्यानं मांडलं. पुढं त्याच बुद्धीला जन्मजात म्हणणारे आले, आणि त्यावर माणसांची प्रतवारी करणारेही. आज तुमच्या हातात असते ती गुणवत्ता यादी. तीही रांगच. शंभरावा नि एकशे एकावा यांच्यात अर्धा गुण असेल, पण एकाला कॉलेज, दुसऱ्याला नाका. बापाची मिळकत वर तसा पोराचा क्रमांक वर, अशा दोन रांगा जुळल्या तर कुणी म्हणेल बुद्धी श्रीमंतांच्या घरी जन्म घेते. दुसरा विचारेल, क्लासची फी कुणी भरली? आकडा दोघांच्या बाजूनं सारखाच उभा राहतो. निकाल आकडा देत नाही.

मग जात नि गरिबी यांच्या ०.९ चं काय? एक बाजू कापता येते. गरिबीमुळे कुणी अमुक जातीत जन्मत नाही. जन्म आधी, पगार नंतर. उरल्या दोन वाटा. एक रिस्लीची, की हे रक्तात आहे. दुसरी आपली, की हे उतरंडीनं केलंय. कसं ठरवायचं? रक्त पन्नास वर्षांत बदलत नाही. साक्षरता १० वरून ६६ वर गेली. शाळेचं दार उघडताच जे हलतं ते रक्त नव्हे, ते दाराला घातलेलं कुलूप होतं. आणि जे अजून हलत नाही तिथं कुलूप शोधा. जमिनीचा रकाना उघडा. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि पुन्हा १९६४ ला भूमिहीनांचा सत्याग्रह केला, तो हाच रकाना सरकारपुढं आपटला होता. गायरान कुणाच्या नावावर, सात-बारा कुणाचा, पाटाचं पाणी कुणाच्या वावरात, हे तक्त्याला जोडा आणि मग सांगा म्हणावं कशामुळे काय.

आता शेवटचं, आणि हे आपल्यातलं आहे म्हणून जास्त अवघड. १ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध एक मतानं सांगितलं की राज्यांना अनुसूचित जातींच्या आत उपवर्ग करता येतील. महाराष्ट्राच्या यादीत ५९ जाती आहेत. आता आपल्या आतही रांग लागेल. महार कितवा, मांग कितवा, चांभार कितवा, ढोर कितवा. दीड मणाचे अर्ज पुन्हा सुरू होतील, फरक इतकाच की तेव्हा वरच्या पायरीसाठी होते, आता खालच्या पायरीसाठी असतील. बाबासाहेब याला श्रेणीबद्ध विषमता म्हणाले. तिची करामत हीच की प्रत्येकाला फक्त आपल्या लगतची पायरी दिसते, सगळा जिना दिसत नाही. मांग भावाचं अंतर जास्त असेल तर ते मोजलं पाहिजे आणि आपण मोकळ्या मनानं मान्य केलं पाहिजे. आपल्या सोयीचा आकडा खरा नि गैरसोयीचा खोटा, असं म्हणणाऱ्यानं रिस्लीला शिव्या देऊ नयेत. पण मोजताना क्रमांक नको, अंतर मागा. आपल्या दोघांतलं अंतर ०.२३ असेल आणि आपल्या नि वरच्या मजल्यातलं नऊ असेल, तर भांडण कुणाशी आहे हे तक्ताच सांगेल.

म्हणून काम सांगतो. तक्ते येतील तेव्हा प्रत्येक वस्तीत दोन पोरं अशी पाहिजेत ज्यांना हा हिशेब पाटीवर करता येतो. पोरी तर पाहिजेतच, कारण बाईचा रकाना पुरुष विसरतात. छापलेला सहसंबंध घेऊ नका, त्याखालचे मूळ आकडे मागा. चार प्रश्न विचारा: रांग कुणी लावली, अंतर किती, गट की माणूस, सोबत की मुळे. उत्तर नसेल तर माल परत पाठवा.

उतरंडीतलं खालचं मडकं सगळ्यांचं ओझं वाहतं, आणि त्याला सांगितलं जातं की तुझा क्रमांकच शेवटचा. आपण आता त्या ओझ्याचं वजन मोजायला बसलोय. खालचं मडकं हिशेब करायला लागलं की वरच्यांना धडकी भरते. भरू द्या.

जय भीम.